मागची माणसं बघणारी साखराबाई

साखराबाई सिनेमाला कधी उशिरा गेली नाही. तीनच्या खेळाला गल्लीतल्या बायका भांडीकुंडी उरकून रमतगमत निघायच्या, तेव्हा ही टॉकीजच्या लोखंडी दरवाजाशी पदर डोक्यावर ओढून कधीची उभी असायची. दार उघडलं की थर्ड क्लासात बायकांच्या बाजूला शिरायची, भिंतीकडची कडेची खुर्ची धरायची, पाय वर घेऊन बसायची आणि पडद्याकडे टक लावायची. पडदा तेव्हा नुसताच पांढरा असायचा.

दिवे गेले की आधी सरकारची न्यूज लागायची. कुठं पूर आलेला, कुठं धरणाची कोनशिला, कुठं परदेशचे पाहुणे विमानातून उतरून राहिलेले. लोक त्या वेळी विड्या ओढायचे, जागेवरून भांडायचे, पोरांच्या हातावर फुटाणे ठेवायचे. साखराबाई मात्र तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यायची. शेजारची बाई बोलली तर तिच्या गुडघ्यावर हात दाबायची. न्यूज संपली, खऱ्या सिनेमाची पाटी आली, की मग पाठ टेकून म्हणायची, "हं, आता बोल काय बोलायचं ते."

लातूरला तिला ओळखणारे सगळे हा तिचा विक्षिप्तपणा समजत. जिल्हा नवा होता, कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांतून चालत होत्या, आणि नव्या जागा भरताना तिचा मुलगा लिंबाजी एका कचेरीत शिपाई म्हणून लागला होता. त्याच्यामागं ती नांदेडहून इथं आली. शेजारी शिवकांता राहायची. लिंगायताची, तिशीतली, नवरा डाळ मिलमध्ये. वयस्कर बाई सोबत आहे म्हणून नवरा तिला सिनेमाला सोडायचा. टॉकीजच्या अंधारात दोघी खांद्याला खांदा लावून बसायच्या, शिवकांता घाबरली की साखराबाईचा दंड धरायची. पण पहिली दोन वर्षं तिनं साखराबाईच्या घरच्या माठातलं पाणी घेतलं नव्हतं. साखराबाईला ते दिसत होतं. तिनं कधी विचारलं नाही.

सिनेमावर साखराबाईची मतं पक्की होती. गाणं लागलं की ती उठून पाणी प्यायला जायची, कारण गाण्यात कुणाचं काहीच होत नाही असं तिचं म्हणणं. नटनट्यांची नावं तिला येत, पण त्यांचं कौतुक नव्हतं. सिनेमातली आई तर तिला बघवत नसे. पांढरं लुगडं नेसून शिलाई मशीन चालवणारी, खोकत खोकत लेकाला शिकवणारी आई पडद्यावर आली की सगळ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या आणि ही त्या लुगड्याकडे बघत बसायची. इतकं पांढरं लुगडं राहायला धुणारी बाई वेगळी पाहिजे, असं ती शिवकांताला सांगायची. उपाशी माणसं दाखवली की तिला राग यायचा. "गाल बघ की तिचे," ती म्हणायची. "उपाशी मानसाच्या केसाला तेल कुठून आलं?" त्यापेक्षा खलनायकाची बाई तिला आवडायची. ती पोटभर खाते, पलंगावर झोपते, आणि जे पाहिजे ते मागते. शेवटी तिला गोळी लागते ते सोडलं तर तिचं सगळं खरं असतं. पौराणिक सिनेमात देव आला की शिवकांता हात जोडायची. साखराबाई आपले हात मांडीखाली ठेवायची. आमच्यात न्हाई, एवढंच तिनं एकदा सांगितलं होतं. पण राक्षस तिला बघायला आवडायचे.

शेवट मात्र तिला सोसत नसे. ताटातूट झालेली भावंडं गळ्यातल्या ताइतावरून एकमेकांना ओळखायला लागली, म्हातारा बाप तुरुंगातून सुटून दारात आला, की ही उठून बाहेर जायची. पुढं काय झालं हे शिवकांतानं रस्त्यानं सांगायचं. ती ऐकायची आणि म्हणायची, "हाव, मला ठावं होतं."

आणि एक खोड होती. तिची नजर हिरोवर नसायचीच. बाजार दाखवला तर बाजारातल्या बायका, लग्न दाखवलं तर मांडवात मागं बसलेली माणसं, दगडांच्या खाणीत हिरो घाम गाळत असला तर त्याच्यामागं पाट्या वाहणारी पोरं, यांच्याकडे ती बघायची. मधल्या सुट्टीत शिवकांता विचारायची, आता ह्या पोरीचं लगीन कुणाशी लागंल? साखराबाईला पोरगी कोणती तेच माहीत नसायचं.

लिंबाजीला आईचा हा नाद आवडत नव्हता. कचेरीतले बाबू लोक सिनेमाला येतात, शिपायाची आई थर्डात पाय वर घेऊन बसलेली त्यांना दिसते, असं त्याला वाटायचं. एकदा त्यानं तसं बोलून दाखवलं. पुढच्या शुक्रवारी नवा सिनेमा लागला तशी ती गेलीच.

हा नाद तिला दुष्काळात लागला होता.

बाहत्तरच्या सालात साखराबाई भोकरकडच्या एका खेड्यात होती. घर बौद्धवाड्यात, जमीन नसल्यातच जमा. नवरा, नरसिंग, काम बघतो म्हणून हैदराबादेला गेला तो तिकडचाच झाला. मेला, की दुसरं घर केलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. धाकट्या लिंबाजीला तिनं बिलोलीला आपल्या आईकडे, भामाबाईकडे नेऊन सोडलं. तो तेव्हा पाच-सहा वर्षांचा. थोरली चांगुणा, बारा-तेराची, तिच्याजवळ राहिली, कारण ती काम करू शकत होती.

गावापासून दोन कोसांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. गडी खांदायचे, बाया माती वाहायच्या. चांगुणाचं वय भरत नव्हतं, पण मुकादमानं डोळेझाक केली. मायलेकी तिथंच काट्याकुट्यांचा आडोसा करून राहायच्या. दुपारी सुकडी, भाजक्या पिठाची गोड भुकटी, मिळायची, ती चांगुणा मुठीत घेऊन थोडी थोडी चाटायची, म्हणजे जास्त वेळ पुरते. पाणी एका खड्ड्यातलं, तळाला गेलेलं. वरून मातीचा थर, खाली हिरवा.

एके दिवशी जीप आली. मुंबईची माणसं होती. त्यांनी तिपाईवर मशीन उभं केलं आणि मुकादमाला सांगून बायांना एका रांगेत पाट्या घेऊन बांधावर चढायला लावलं. टोपी घातलेला एक जण मोडक्या मराठीत म्हणाला, हसा, नुसतं मशीनकडे बघू नका, हसा. बाया लाजून हसल्या. चांगुणाला राहवलं नाही. काम झाल्यावर ती त्या टोपीवाल्याजवळ गेली आणि हे कुठं दिसणार म्हणून विचारलं. तो म्हणाला, टॉकीजमध्ये, सिनेमाच्या आधी. चांगुणानं तोवर सिनेमा कसा असतो ते पाहिलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांना सांगत सुटली की आपुन टॉकीजात दिसनार हावोत.

पंधरवडा उलटला नसेल. खड्ड्याच्या पाण्यानं कामावर ढाळवांती सुरू झाली. आधी एक म्हातारा गेला, मग बाळंतीण. चांगुणाला पहाटे सुरू झालं आणि दिवस मावळायच्या आत ती संपली. भोकरला न्यायला बैलगाडी मिळत होती, पण बैल चाऱ्याविना उठत नव्हता. तलावाच्या मागच्या अंगाला, भरावाची माती जिथून काढली होती तिथंच तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी साखराबाई कामावर गेली. हजेरी नसती लागली तर सुकडी नव्हती.

फोटो एकही नव्हता. गावात फोटो काढायची रीतच नव्हती. दिवस गेले तसं साखराबाईच्या ध्यानात आलं की आपल्याला पोरीचा आवाज आठवतो, हात आठवतो, पण डोळे मिटले की चेहरा नीट उभा राहत नाही. जरा पुसल्यासारखा होतो. तेव्हा तिला ती जीप आठवली.

पाऊस झाल्यावर भोकरला तंबूचा सिनेमा आला. ती चालत गेली. तिथं न्यूज दाखवलीच नाही. गेटवरच्या माणसानं सांगितलं की तसलं नांदेडला पक्क्या टॉकीजात दाखवतात. मग ती बिलोलीहून लिंबाजीला घेऊन नांदेडला गेली, एका डॉक्टराच्या दवाखान्यात झाडझूड करायला लागली, आणि पहिल्या सुट्टीला टॉकीजात जाऊन बसली. न्यूज आली. त्यात बर्फ होता, सैनिक होते. तलाव नव्हता. आता उठावं, असा विचार करत असतानाच तिला झोप लागली. मागं माणसांची ऊब, वर पंखा, समोर कुणी तरी कुणाशी तरी बोलत असलेलं. पोरगी गेल्यापासून ती सलग कधी झोपली नव्हती. जागी झाली तेव्हा बाई झाडू मारत होती.

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा गेली. मग जातच राहिली. न्यूजसाठी जायची आणि पैसे दिलेत म्हणून पुढचंही बघायची. कधीतरी, तिलाही कळलं नाही असं, पुढचंही आवडायला लागलं. याची तिला शरम वाटायची. पोरीला शोधायला आलेली बाई खलनायकाच्या बाईचा साज बघत बसते, हे तिचं तिला खायचं. पण तिचं जाणं थांबलं नाही. नांदेडात न्यूज आठवड्याला बदलायची, तरी तलाव कधी आला नाही. कुणी म्हणालं, ते कधीच दाखवून झालं असेल. कुणी म्हणालं, अजून फिरत असेल. दुसरं तिनं धरलं.

लातूरला येऊन दोन वर्षं झाली, तेव्हा जिल्ह्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आला. श्रावण असून आभाळ कोरडं होतं. त्या सालीही पावसानं पाठ फिरवली होती, आणि गल्लीत टँकर यायला लागला होता. मैदानावर मांडव घातला, भाषणं झाली, आणि दिवेलागणीनंतर सरकारच्या प्रसिद्धी खात्याची गाडी आली, तिच्या माणसांनी दोन बांबूंवर पडदा ताणला. जिल्ह्यानं काय काय मिळवलं ते दाखवायचं होतं. लिंबाजी पुढं साहेबांच्या खुर्च्यांपाशी पाण्याचे गिलास देत होता. साखराबाई आणि शिवकांता मागं सतरंजीवर.

आधी पूर्वीचे हाल दाखवले. भेगाळलेली जमीन, जनावरांचे सांगाडे, छावण्या. मग बांध आला.

साखराबाईनं आधी बाभळ ओळखली. बाया भाकरीची फडकी तिला टांगायच्या. मग रांग चढू लागली. सगळ्यात पुढं एक बाई होती, उंच, काळी, डोक्यावर पाटी, सगळे दात दाखवून हसत होती. ही कोण बया, असं साखराबाईला क्षणभर वाटलं. त्या वयातलं स्वतःचं तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

त्या बाईच्या पाठीमागं आणखी एक पाटी होती. पाटीच्या कडेतून चुंबळीची चिंधी लोंबत होती. खाली, बाईच्या लुगड्याच्या काठाजवळ, दोन बारीक पाय दिसत होते. डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. खडा लागला होता आणि साखराबाईनंच ते बांधलं होतं. पाय चालत होते, पाटी हलत होती. पाटी आणि पायांच्या मधली चांगुणा त्या बाईच्या आड होती, दिसत नव्हती. हसणारी बाई मशीनच्या पुढ्यातून सरळ चालत आली, मोठी मोठी होत गेली, आणि कडेनं निघून गेली. तिच्याबरोबर ते पायही गेले. मग गावाकडची, शेजारच्या घरची कस्तुराबाई आली, तोंड लख्ख दिसत होतं. मग दुसरी कुणी. वरून एक भरदार आवाज सांगत होता की हातांना काम मिळालं आणि चेहऱ्यांवर हसू फुललं.

"ती मी," साखराबाई म्हणाली.

शिवकांताला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिला आनंद आवरेना. तिनं पुढच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पुढचीला, आणि बघता बघता माना वळल्या. शिपाई लिंबाजीची माय सरकारी सिनेमात आली म्हणून एका साहेबानं लिंबाजीच्या पाठीवर थाप मारली. लिंबाजी पहिल्यांदाच आईकडे अभिमानानं बघत होता. पडद्यावर तोवर नवी बसस्थानकं आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी शोधत गेली. गाडी एका सरकारी बंगल्याच्या मागं उभी होती. मशीन चालवणारा विरूपाक्ष, उदगीरकडचा, शांत माणूस, शेजारच्या खोलीत फिल्म उलटी गुंडाळत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं खिडक्या लावल्या, दाराला पोतं अडकवलं आणि भिंतीवर ती पट्टी पुन्हा चालवली. बांध, बाभळ, हसणारी बाई, पाय. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा ती म्हणाली की बाई कडेला जाते तिथं थांबव, मागून लेकरू दिसतं का बघू. तो म्हणाला, थांबवली तर दिव्याच्या आचेनं फिल्म जळते, मावशी. त्यानं चालवतच ठेवली. साखराबाई भिंतीजवळ गेली, मान वाकडी करून त्या बाईच्या मागं बघायचा प्रयत्न करत राहिली. तिची स्वतःची सावली मधे आली तशी मागं सरकली.

दिवा घालवून विरूपाक्षनं रीळ काढून हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मावशी, दोन बोटांचा तुकडा कापून देतो तुम्हाला. कुनाला कळनार न्हाई. मी जोड देतो."

"नगं," ती म्हणाली. "त्यात माझंच तोंड हाय."

ती घरी आली. पुढचे कित्येक शुक्रवार टॉकीजकडे फिरकली नाही. शिवकांतानं दोनदा हाक मारली, नंतर स्वतःच येऊन बसली. काय झालं ते तिला साखराबाईनं थोडक्यात सांगितलं. शिवकांता उठली, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या बुडवून पाणी घेतलं आणि तिथंच उभ्यानं प्यायली. पाण्याची टंचाई होती, म्हणून साखराबाईनं माठावर झाकण ठेवलं.

दिवाळीनंतर ती पुन्हा सिनेमाला जायला लागली. पण आता घाई नव्हती. न्यूज संपत आलेली असायची तेव्हा जायची, अंधारात चाचपडत, मिळेल त्या खुर्चीवर बसायची. नजरेची खोड मात्र गेली नाही. बाजार आला की डोळे मागं जायचेच.

लिंबाजीला आईचं हे बदललेलं वागणं उमगत नव्हतं. कचेरीत त्याचा मान वाढला होता. एका रविवारी दुपारी तो जेवता जेवता म्हणाला, "लोक तुझं नाव काढून राहिलेत, आन तू तोंड पाडून बसलीस. काय झालं तुला?"

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. तलाव, जीप, खड्ड्याचं पाणी, नांदेड. चांगुणा नावाची बहीण होती आणि दुष्काळात गेली, एवढंच त्याला माहीत होतं. आई सिनेमाला का जाते हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. त्याचं जेवण ताटातच राहिलं. जरा वेळानं त्यानं विचारलं, "दिसायला कशी होती ती? कुना हिरोईनीसारखी होती का, म्हंजी मला ध्यानात येईल."

साखराबाईनं विचार केला. इतक्या वर्षांत पडद्यावर पाहिलेले चेहरे तिनं एकेक करून आठवले, मोठ्या नट्यांचे, त्यांच्या मैत्रिणींचे, मागं उभ्या राहणाऱ्या पोरींचे. कुणाचं नाक घेतलं तर हनुवटी जमत नव्हती.

"कुनासारखीच नव्हती," ती म्हणाली. "पुढचे दात जरा बाहेर होते. हसताना ओठ आत घ्यायची, दात दिसू न्हाई म्हनून. उजव्या भुवईत मधी केस नव्हते, ठिणगी उडाली होती चुलीची. तुला कडेवर घेऊन गावभर फिरायची."

"आन शिनेमा आवडायचा का तिला?"

"तिनं कुठं पाहिला शिनेमा," साखराबाई म्हणाली. "तंबू आला तवा ती नव्हतीच."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन पळायला लागल्या, कुणाचं तरी भांडण आताच सुरू झालं होतं. लिंबाजीनं हात धुतला नाही, पाणी वाचावं म्हणून टॉवेलाला पुसला. मग एक घागर त्यानं घेतली, एक तिनं, आणि दोघं रांगेला लागायला बाहेर पडले.